वाघेरी डोंगरावर कोणता भूपट्ट आदळला? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मुलांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

बाई, सातवीतल्या मुलांचे प्रश्न तुम्ही त्यांच्याच शब्दांत पाठवलेत, ते फार बरे केलेत. पहिला प्रश्न असा: पुस्तकात लिहिले आहे की भूपट्ट एकमेकांवर आदळले की डोंगर उभे राहतात, मग आपल्या वाघेरीवर आणि मोर्ल्याच्या गडावर कोणता भूपट्ट आदळला? दुसरा: डिचोलीच्या खाणीतला पट्ट्यापट्ट्यांचा दगड, दोनापावलचा काळा खडक, काणकोणचा ग्रॅनाइट आणि घराचा चिरा एवढ्याशा गोव्यात एकत्र आले कसे? आयुष्य खाणींत आणि घाटांत दगड बघण्यात गेल्यामुळे या प्रश्नांवर मला थोडक्यात लिहिता येणार नाही. वर्गात सांगताना त्यातले हवे तेवढे घ्या.

आधी सरळ उत्तर देतो. वाघेरीच्या खडकांनी टक्कर सोसलेली आहे, पण ती सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी. त्या वेळी उभे राहिलेले डोंगर केव्हाच झिजून गेले. आज वाळपईहून पूर्वेकडे जो उंच कडा दिसतो तो टकरीतून आलेला नाही. जमीन फाटली, तिचा पश्चिमेकडचा भाग खचून समुद्राखाली गेला आणि मागे जी कड उरली, ती हा सह्याद्री. म्हणून मुलांच्या मनात पहिल्यांदा एकच गोष्ट पक्की बसू द्या: दगडाचे वय वेगळे आणि डोंगराचे वय वेगळे. बहुतेक गोंधळ या दोन वयांची सरमिसळ झाल्याने होतो, आणि गोव्यात तर त्यांच्यात दोनशे कोटी वर्षांहून जास्त अंतर आहे.

आता जमीन हलते कशी ते पाहू. आपण राहतो ते भूकवच खंडांखाली साधारण 35 ते 40 किलोमीटर जाड असते, महासागरांखाली जेमतेम सात. त्याच्या खाली प्रावरण. प्रावरण म्हणजे उकळता लाव्हा, असे चित्र पुष्कळ मुलांच्या डोक्यात असते आणि ते चूक आहे. प्रावरण घट्ट खडकाचेच आहे. मात्र ते इतके तापलेले आहे की लाखो वर्षांच्या हिशेबात ते हळूहळू वाहते. वितळलेला रस फक्त काही ठिकाणी, थोड्या प्रमाणात तयार होतो. कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा ताठ थर मिळून भूपट्ट होतो, सुमारे शंभर किलोमीटर जाडीचा. समुद्रतळाच्या कटकांवर, म्हणजे पाण्याखालच्या डोंगररांगांवर, दोन भूपट्ट दूर सरकतात, मधल्या फटीत खालून रस येतो आणि नवा समुद्रतळ बनतो. आपल्या अरबी समुद्रातही अशी जागा आहे, कार्ल्सबर्ग कटक. दुसऱ्या टोकाला जुना, थंड झालेला, जड समुद्रतळ खाली बुडतो आणि आपल्या वजनाने मागचा भूपट्ट ओढत नेतो. भूपट्ट हलण्यामागे या ओढीचा वाटा सर्वांत मोठा. आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात हे 1912 साली मांडले, पण कशाने सरकतात ते त्यांना दाखवता आले नाही. 1960च्या दशकात समुद्रतळाच्या चुंबकत्वाचे पट्टे मोजले गेले, तेव्हा कुठे जगाला ते पटले.

भारताचा भूपट्ट आजही वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. तुमच्या वर्गातले बारा वर्षांचे मूल जन्मल्यापासून साठेक सेंटीमीटर सरकले आहे, शाळेसकट आणि अख्ख्या गोव्यासकट. हे मुलांना जरूर सांगा. हिमालयाला साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली टक्कर अजून थांबलेली नाही. मधल्या समुद्रातला गाळ चिरडून वर आला, म्हणून एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री जीवांचे अवशेष असलेला चुनखडक आहे, आणि तिथले कवच दाबून दाबून सत्तर किलोमीटरपर्यंत जाड झाले आहे. पुस्तकातले वाक्य या डोंगरांबद्दलचे आहे आणि ते बरोबरच आहे. फक्त जगातला प्रत्येक डोंगर त्या जातीचा नसतो.

आता गोव्यात येऊ, आणि सगळ्यांत जुन्या दगडापासून सुरुवात करू. मोल्याहून अनमोड घाट चढताना रस्ता कापलेल्या बाजूला फिकट-गडद पट्ट्यांचा, वेलांट्या घेतलेला खडक दिसतो. तो नीस. त्याचे वय 340 कोटी वर्षांच्या घरात काढले गेले आहे. भारतातल्या फार जुन्या खडकांत त्याची गणना होते. पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे आहे हे लक्षात घेतले, तर अनमोडचा दगड पृथ्वीच्या आयुष्याचा तीन चतुर्थांश भाग पाहिलेला आहे. त्या घाटातून बस, ट्रक रोज जातात. मुलांना एकदा तिथे उतरवून त्या दगडाला हात लावू द्या असे मला मनापासून वाटते.

या जुन्या खंडाच्या तुकड्यालगत मग समुद्र होता. त्या समुद्राच्या तळाशी लाव्हा वाहिला, वर गाळ साचला, पुन्हा लाव्हा, पुन्हा गाळ. गोव्याच्या बहुतेक जमिनीखाली जे आहे ते हेच थर. भूवैज्ञानिक त्यांना गोवा समूह म्हणतात आणि तो कर्नाटकात दूरवर पसरलेल्या धारवाडच्या खडकांचाच भाग आहे. त्याचे चार हिस्से केले आहेत, खालून वर: बार्से, सावर्डे, डिचोली आणि वाघेरी. चौथ्या हिश्श्याला तुमच्या मुलांच्या डोंगराचे नाव आहे, हे कळल्यावर वर्गात जो आनंद होईल तो बघायला मला आवडेल.

बार्से हिश्श्यात मुख्यतः जुना बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा दगड, आहे, दाबाने हिरवट झालेला. पाण्याखाली ओतलेला लाव्हा गोलसर गठ्ठ्यांत थिजतो. अशा गठ्ठ्यांचा उत्तम नमुना याच धारवाडच्या खडकांत चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीला आहे आणि ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. त्याच्या वरचा सावर्डे हिस्सा म्हणजे दोनापावलचा काळा-करडा खडक, ग्रेवॅक. भिंगाखाली पाहिले तर त्यात वाळूचे कण, दगडांचे बारीक कपचे आणि चिखल एकत्र दिसतात. संथ लाटांनी धुतलेली वाळू अशी नसते, तिचे कण एका मापाचे असतात. ही मिसळ होते ती समुद्राच्या उतारावरून गढूळ पाण्याचा लोंढा एकदम खाली कोसळतो तेव्हा. लोंढा थांबला की जाड कण आधी बसतात, बारीक नंतर. म्हणून अशा थरात खाली जाड आणि वर बारीक अशी रचना असते. या रचनेचा मोठा उपयोग होतो: थर नंतर उभा झाला किंवा पार उलटला, तरी त्याची मूळची वरची बाजू कोणती ते ओळखता येते. घड्या पडलेल्या प्रदेशात काम करताना मी सगळ्यांत जास्त विसंबलो तो या खुणेवर.

डिचोली हिस्सा तुमच्या पालकांपैकी पुष्कळांना पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असेल, कारण लोहखनिज त्यातले. खाणीवर ज्याला बीएचक्यू म्हणतात तो पट्टेरी दगड म्हणजे हेमॅटाइट या लोहखनिजाचा काळसर-तांबडा पट्टा, मग क्वार्ट्झचा पांढरा किंवा तांबूस पट्टा, मग पुन्हा हेमॅटाइट, असे शेकडो थर. त्या काळी हवेत आणि पाण्यात मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्यामुळे समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांतून आलेले लोह पाण्यात विरघळून राहू शकत होते. जिथे ऑक्सिजन मिळाला तिथे ते गंजून तळाशी बसले. आजच्या समुद्रात असा दगड तयार होऊच शकत नाही, म्हणून जगभर मोठे लोहखनिज साठे बहुतेक याच प्राचीन काळातले आहेत. मूळ पट्टेरी दगडात लोह साधारण तिसेक टक्के. खाणीतून जो माल निघतो त्यात ते साठच्या आसपास कसे पोचले, तर पुढे कोट्यवधी वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुवून नेली आणि लोह जागच्या जागी राहिले. याच हिश्श्यात मँगनीज आहे, चुनखडकही आहे. मँगनीजचा पुढे एका महत्त्वाच्या कामासाठी उपयोग होणार आहे, तेव्हा ते लक्षात असू द्या.

हे सगळे थर आडवे साचले होते. आज ते कुठेच आडवे नाहीत. ग्रेवॅक तिरपा, मातीच्या थरांचा फिलाइट जवळजवळ उभा, खाणीच्या बाकांवर (खोदलेल्या पायऱ्यांवर) पट्टेरी दगड अर्धवर्तुळात वळलेला. मुलांना ज्या टकरीबद्दल कुतूहल आहे ती इथे दिसते. दोन्ही बाजूंनी रेटा आला, थरांना घड्या पडल्या, आणि एकदा नव्हे, वेगवेगळ्या दिशांनी पुन्हा पुन्हा पडल्या. मुख्य घड्यांचे आस वायव्य-आग्नेय आहेत, म्हणजे रेटा त्याला काटकोनात, नैर्ऋत्य-ईशान्य दिशेने होता. नकाशात गोव्याच्या खाणींचा पट्टा डिचोलीकडून सांग्याकडे तिरका जातो तो यामुळेच. खाणीवर ही घडी वाचता येणे फार गरजेचे असते. एका बाकावर माल संपलासा वाटतो, प्रत्यक्षात थर वळून खाली गेलेला असतो, आणि घडीच्या खोलगट पोटात तो दुप्पट जाड भेटतो. जुने खाणकामगार हे हाताच्या अनुभवाने ओळखत. मी जे शिकलो त्यातले पुष्कळ त्यांच्यामागे फिरून शिकलो.

घडी पडताना थर खोल गाडले गेले, तापले, दाबले गेले. चिकण मातीचा फिलाइट झाला. त्याच्या पृष्ठभागावर जी रेशमी चकाकी दिसते ती दाबाखाली एका दिशेत वाढलेल्या अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांची. हिरवा रंग क्लोराइट या खनिजाचा. अशी खनिजे तीनशे ते साडेचारशे अंश तापमानाला, कित्येक किलोमीटर खोलीवर तयार होतात. मुलांना इथे थांबवून विचारा: कित्येक किलोमीटर खाली तयार झालेला दगड आज रस्त्याच्या कडेला कसा? मधले सगळे किलोमीटर कुठे गेले? उत्तर तीच देतील. ते डोंगर होते, आणि ते झिजून वाहून गेले. आपण आज त्या डोंगरांच्या मुळांवर घरे बांधली आहेत.

कवच जाड झाले की त्याचा तळ तापतो आणि वितळतो. त्या वितळण्यातून आलेला रस वर चढून खोलवरच थंड झाला तो काणकोणचा ग्रॅनाइट, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यात फेल्डस्पारचे मोठे गुलाबी स्फटिक आहेत, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. स्फटिक मोठे म्हणजे रस सावकाश थंड झाला, आणि सावकाश म्हणजे वर खडकाचे जाड पांघरूण होते. दूधसागरच्या बाजूला आणि पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरातही ग्रॅनाइट आहे, प्रत्येकाचा पोत वेगळा.

त्यानंतर फार मोठा काळ गोव्याच्या जमिनीवर नोंद जवळजवळ नाही. घाटापलीकडे उत्तर कर्नाटकात त्या काळात वाळू साचली, तिचा वालुकाश्म झाला आणि बदामीची लेणी त्यात कोरली गेली. गोव्यात मात्र झीज चालू राहिली आणि प्राचीन डोंगर सपाट होत गेले.

मग गोंडवन फुटले. भारत, मादागास्कर, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, सगळे एका खंडात होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला मादागास्कर चिकटलेले होते आणि ते सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटले. त्याची खूण आपल्यापासून फार दूर नाही: उडुपीजवळ मालपेसमोरची सेंट मेरी बेटे त्या फाटण्याच्या वेळच्या ज्वालामुखी खडकाची आहेत, वय सुमारे 8.8 कोटी वर्षे. नंतर 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला. महाराष्ट्राचा सह्याद्री त्याच थरांचा आहे. आपल्याकडे त्याची फक्त कडा पोचली, सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात, सुर्ला-चोर्ल्याच्या बाजूला घाटमाथ्यावर. तुमची मुले ज्या तालुक्यात राहतात तिथे शेकडो कोटी वर्षांच्या खडकावर सहा कोटी वर्षांचा बेसाल्ट थेट टेकलेला आहे. असे मिळायला भाग्य लागते.

त्या सुमारास सेशेल्स बेटांचा तुकडाही भारतापासून सुटत होता. जमीन ताणली जात होती, भेगा पडत होत्या, भेगांत रस घुसत होता. त्या भरलेल्या भेगा म्हणजे डाइक. बार्देश-पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या खडपांत ग्रेवॅकला चिरत जाणाऱ्या काळ्या सरळ भिंती दिसतात त्या याच. गोव्यातल्या काही डाइकांचे वय 6.28 कोटी वर्षे निघाले आहे, म्हणजे दख्खनचा मुख्य लाव्हा ओसरल्यानंतरचे. डाइकची कड नीट बघायला लावा. कडेला दाणा अतिशय बारीक असतो, मध्यभागी जरा मोठा, कारण थंड भिंतीला टेकलेला रस आधी थिजला. काणकोणच्या मोठ्या स्फटिकांशेजारी हा दगड ठेवला की थंड होण्याचा वेग आणि दाण्याचा आकार यांचे नाते मुलांना एका नजरेत समजते, फळ्यावर काही लिहावे लागत नाही.

ताणामुळे कवच पातळ झाले, पश्चिमेचा भाग पायऱ्यापायऱ्यांनी खचला, त्याच्यावर अरबी समुद्र आला. खचलेल्या भागाच्या शेजारची कड मात्र उंच राहिली. पाऊस त्या कडेवर पडू लागला आणि पाणी दोन बाजूंना वाटले गेले. पूर्वेचा उतार मंद, म्हणून कृष्णा महाबळेश्वरला, समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत उगवूनही बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पश्चिमेच्या नद्या आखूड आणि वेगवान, त्या कडा मागे कोरत जातात. म्हादई तर खानापूरच्या बाजूला घाटमाथ्यावर उगवते आणि कड्याला खिंडार पाडून खाली गोव्यात उतरते. दूधसागरचा 310 मीटरचा प्रपात आणि सत्तरी-सांग्यातले लहानमोठे सगळे धबधबे याच कोरण्यातले टप्पे आहेत. गोव्यातले सर्वांत उंच शिखर सोंसोगड, सुमारे 1,166 मीटर. पूर्वेकडून त्याच्याकडे आलात तर ते शिखर वाटत नाही, पठाराचा शेवट वाटतो. सह्याद्रीचे स्वरूप या एका गोष्टीत कळते.

सह्याद्री लाव्हाचा डोंगर आहे, ज्वालामुखीने उभा केला, असे शिकलेली माणसेसुद्धा बोलतात. त्याला उत्तर म्हणून एक पुरावा मला सर्वांत बळकट वाटतो. सिंधुदुर्ग-कोल्हापुराकडे कडा दख्खनच्या बेसाल्टचा आहे. गोव्यात शिरल्यावर तोच कडा नीस, ग्रॅनाइट आणि धारवाडच्या घडीच्या खडकांत कोरलेला आहे, आणि पुढे कर्नाटकातही तसाच जातो. दगड बदलला, वयात तीनशे कोटींपर्यंत फरक पडला, पण कड्याची रेघ तुटली नाही. म्हणजे कडा कुठल्याच एका दगडाने घडवलेला नाही. तो दोन्ही दगडांपेक्षा तरुण आहे.

किती तरुण? इथे मँगनीज कामाला येते. पावसाचे पाणी मुरून जमिनीत मँगनीजची नवी खनिजे तयार होतात, त्यांत पोटॅशियम असते, आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गावरून त्यांचे वय काढता येते. कड्याखालच्या सखल पट्टीतल्या अशा खनिजांची वये सुमारे 4.7 कोटी वर्षांपर्यंत मागे जातात. ज्या अर्थी तेव्हा तिथे पाणी मुरत होते, त्या अर्थी ती सखल जमीन तेव्हाच उघडी होती आणि कडा आजच्या जागेच्या जवळपास पोचलेला होता. कडा किनाऱ्यापासून किती मागे हटला, भराभर की सावकाश, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला स्वतःला या वयांचे वजन जास्त वाटते: आधी झपाट्याने मागे हटणे, आणि मग फार दीर्घ काळ जवळजवळ तिथेच.

एवढा पाऊस पडून कडा अजून उभा कसा, हे मुले विचारतीलच. रायबंदर-चोडण फेरीबोटीचे उदाहरण द्या. गाड्या उतरल्या की बोट पाण्यात वर उचलली जाते. भूकवचही जड प्रावरणावर तरंगते. वरचा भार पावसाने वाहून गेला की कवच वर येते. कवचाची घनता पाण्याच्या सुमारे 2.7 पट आणि प्रावरणाची 3.3 पट, म्हणून एक किलोमीटर खडक झिजला तर जमीन आठशे मीटरच्या आसपास वर उचलली जाते आणि प्रत्यक्ष उंची फक्त दोनशे मीटर घटते. पश्चिमेकडे झीज जास्त, तेव्हा उचलही तिथे जास्त, आणि कवच ताठ असल्याने तिच्याबरोबर शेजारची कडही उचलली जाते. जुने डोंगर इतके चिवट का असतात आणि दहा किलोमीटर खोलीचा दगड वर कसा येतो, दोन्हींचे उत्तर यात आहे.

आता चिरा, म्हणजे जांभा. जांभ्याला भोके असतात म्हणून तो लाव्हाचा दगड, असा समज गोव्यात घरोघरी आहे. तो लाव्हा नव्हे. गरम हवा आणि भरपूर पाऊस असला की खडकातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम विरघळून जातात आणि लोह व अॅल्युमिनियम मागे राहतात. तो उरलेला भाग म्हणजे जांभा. तो ग्रेवॅकवरही तयार होतो, बेसाल्टवरही, शिस्टवरही. बेतुलच्या बाजूला अॅल्युमिनियम जास्त उरले तिथे बॉक्साइट मिळाले. जांभा जमिनीत असताना कापता येतो आणि उघड्यावर आणखी घट्ट होतो, म्हणून चिऱ्यांची घरे, आग्वादचा किल्ला, हरवळ्याची लेणी. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, मुलांना न्याल तेव्हा वर चालू नका, कडेला खाली उतरा. वर जांभ्याची टणक टोपी, तिच्याखाली पांढरी-गुलाबी चिकण माती आणि खाली मूळ खडक, असा क्रम दिसेल. पाणी भोकांच्या जांभ्यातून मुरते, मातीवर अडते आणि सड्याच्या पायथ्याला झर म्हणून बाहेर येते. गोव्यातल्या कितीतरी गावांची वस्ती आणि कुळागरे या झरींच्या जागा बघून बसली आहेत, आणि सडा कापला की झर आटते ती याच कारणाने. हे मुलांपर्यंत पोचावे असे मला फार वाटते.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, ती गोष्टही कोणीतरी काढेल. ती श्रद्धेची गोष्ट आहे, ती तशीच आदराने राहू द्या, भूविज्ञानाचे काय म्हणणे आहे ते वेगळे सांगा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता आणि किनारा पुष्कळ पश्चिमेला. हिम वितळल्यावर पाणी वर आले आणि मांडवी-जुवारीच्या जुन्या दऱ्यांत शिरले. या नद्यांची मुखे इतकी रुंद आहेत ती त्यामुळे. यात भूपट्टांचा संबंध नाही, फक्त पाणी वाढले.

सहलीचा विचार असेल तर एका दिवसात सगळा गोवा करू नका. पहिल्या दिवशी अनमोड घाट, वाटेत जिथे गाडी सुरक्षित उभी राहील अशीच जागा निवडून. दुसऱ्या दिवशी दोनापावल किंवा हणजूण, ओहोटीच्या वेळी, तक्ता आधी बघून, आणि शेवाळ धरलेल्या खडपावर कोणी चढणार नाही याची काळजी घेऊन. काणकोण जमले तर उत्तम. बंद खाणीच्या पाणी भरलेल्या पिटांजवळ मात्र मुलांना अजिबात नेऊ नका, तिथले काठ ढासळतात. पट्टेरी दगड बघायचा असेल तर खाणीतल्या ओळखीच्या माणसाकडून एक तुकडा मागून घ्या.

बरोबर भिंग, चुंबक, लोखंडी खिळा, थोडे व्हिनेगर आणि चकाकी नसलेल्या फरशीचा तुकडा घ्या. फरशीवर हेमॅटाइट घासला की तांबडी-तपकिरी रेघ उमटते, मग दगड वरून कितीही काळा दिसो. मॅग्नेटाइट काळी रेघ देतो आणि चुंबकाला चिकटतो. खिळ्याने क्वार्ट्झवर ओरखडा येत नाही, चुनखडकावर येतो. व्हिनेगरने चुनखडकाची भुकटी फसफसते. प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी लावून कुठे मिळाला ते गाव आणि तारीख त्याच दिवशी लिहून ठेवायला सांगा. खडक तिरपा असेल तर तो कुठल्या दिशेला झुकला आहे तेही होकायंत्राने बघून लिहा. वायव्य-आग्नेय घड्यांचा भाग असेल तर बहुतेक उत्तरे ईशान्य किंवा नैर्ऋत्य येतील. एखाद्याचे उत्तर अगदीच वेगळे आले तर ते खोडू नका, जागेचा फोटो आणि दिशा मला पाठवा. घडी जिथे वळते तिथे असेच होते.